दुपारचा पहारा

१४ जुलै

झोप कधी लागते आणि कधी मोडते, एवढंच टिपून ठेवा, असं डॉक्टर इरावतीबाई म्हणाल्या. एका ओळीचं काम. पण पाटी आणि टोचणी हातात आली की माझं एका ओळीवर भागत नाही. अंधांच्या संस्थेत ब्रेल शिकत होतो तेव्हा तिथले सर म्हणायचे, "यशवंतराव, तुम्ही वाचता कमी आणि टोचता फार." घरात हे ठिपके कोणालाच वाचता येत नाहीत, मालनला नाही, श्रुतिकेला नाही. त्यामुळे मनातलं लिहायला हरकत नाही. दिवाही लावावा लागत नाही.

काचबिंदूने उरलेला उजेड नेला त्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून झोप घसरते आहे. आज दहाला लागली तर उद्या साडेदहाला, परवा अकराला. अशी सरकत ती पहाटेवर जाते, मग सकाळवर, मग भर दुपारवर, आणि दीडेक महिन्याने फिरून रात्रीवर येते. आमच्या खाडीला भरती रोज थोडी उशिरा येते, तसंच. पण भरतीची वेळ गावात लहान पोरही सांगतं. माझी वेळ मला कोणी सांगितली नव्हती. एका डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी मन रमवा म्हटलं. मालनचा भाऊ म्हणाला, "भावोजी, डोळे मिटलेलेच आहेत. झोपायला आणखी काय करावं लागतं?" सगळे हसले. मीही हसलो.

इरावतीबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डोळा नुसता बघत नाही, तो शरीराला दिवस-रात्रीचा निरोप देतो. तुमच्याकडे तो निरोपच पोचेनासा झालाय." मेलाटोनिन नावाची गोळी दिली आहे. रोज रात्री नऊला, झोप येवो न येवो. "ही झोपेची गोळी नाही. रात्र झाली, एवढंच ती शरीराला सांगणार. सुरुवातीला शरीर ऐकणार नाही. तुमची रात्र फिरत फिरत खऱ्या रात्रीपाशी आली की मग धरेल."

"आणि नाही धरली तर?"

"मग पुढच्या फेरीला."

उठता उठता त्यांनी मालनला विचारलं, "आणि तुमची झोप कशी आहे?"

"मला काय धाड भरलीय?" मालन म्हणाली.

श्रुतिकेचं लग्न फेब्रुवारीत आहे. मुहूर्त दुपारचा, साडेबाराच्या सुमाराचा. मी बोटांवर हिशेब घातला. असंच सरकत राहिलो तर त्या दिवशी दुपारी माझी मध्यरात्र येते. मुलीचं कन्यादान जागेपणी व्हावं, एवढंच देवाकडे मागणं आहे.

२७ जुलै

झालं ते लिहायची इच्छा नाही. लिहितो.

आज मरोळच्या हॉलवर श्रुतिकेचा साखरपुडा होता. सकाळची वेळ, म्हणजे माझी ऐन रात्र. दोन वेळा थंड पाण्याने आंघोळ केली, चहा तीनदा घेतला. मुलाकडची मंडळी वाकोल्याची. मुलगा सुयोग, वडील बाळ परब, आई रत्नप्रभाबाई. माणसं देवभोळी, साधी. बाळराव माझ्या शेजारी बसून त्यांच्या चाळीतल्या दत्तमंदिराबद्दल सांगत होते. कळस बदलला, इथपर्यंत ऐकलेलं आठवतं. पुढचं आठवतं ते मालनचं बोट, बरगडीत टोचलेलं. माझं डोकं बाळरावांच्या खांद्यावर होतं आणि मांडीवरचं पेढ्यांचं ताट खाली गेलं होतं.

 मग रत्नप्रभाबाईंचा आवाज, हळू, पण मला ऐकू येईल असा: "काही घेतात की काय हे?"

मी तोंड उघडायच्या आत मालन बोलली. "छे हो, विहीणबाई! माळकरी माणूस तो. यांच्या भजनी मंडळाचा सप्ताह होता. रात्रभर वीणा घेऊन पहाऱ्याला उभे होते. मी म्हटलं, अहो, आज साखरपुडा आहे, तर म्हणे पहारा कसा मोडू?"

"अरे वा!" बाळरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "असो माणूस होयो! आमच्या दत्तजयंतीच्या सप्ताहाला रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला कोणी मिळत नाही बघा. सगळ्यांना झोपा येतात. यंदा तो तुमचा. वीणा तुमच्या हातात."

टाळ्या पडल्या. मला वीणा गळ्यात अडकवून वीस वर्षं झाली असतील, गावी असताना.

घरी आल्यावर मालनला म्हटलं, "देवाच्या नावावर खोटं बोललीस."

"मग काय सांगू? आंधळा सासरा चालवून घेतला त्यांनी. वर सांगू, की याला दिवस कुठला नि रात्र कुठली तेही कळत नाही?"

ती बरोबर आहे, की मी, ठरत नाही.

६ ऑगस्ट

गोळीचा काही गुण नाही. रात्री नऊला घेतो आणि टक्क जागा बसतो.

रात्र मोठी असते, असं माणसं म्हणतात. माझ्या अनुभवाने ती मोठी नसते, रिकामी असते. दिवसा कानाला किती आधार असतात! कुकर, शेजारच्यांचा टीव्ही, खालचा इस्त्रीवाला. रात्री फक्त विमानं. तीही रात्रभर जात असतात, त्यामुळे त्यांच्यावरून वेळ कळत नाही. श्रुतिकेने बोलणारं घड्याळ दिलं आहे. त्याचं बटण दाबलं की बाई वेळ सांगते. घरात माझ्याशी त्या वेळी बोलणारी ती एकटीच. कधीकधी काम नसताना दाबतो.

मी वाती वळत बसतो. कापूस मांडीवर, शेजारी फुलवातींचा डबा. मरोळ नाक्यावर शेवंती नावाची फुलवाली आहे, ती माझी वातींची पाकिटं विकायला ठेवते. नाम घेत वळत गेलं की हात आपोआप चालतात. तहान लागते तेव्हा हात लांब केला की पाण्याचा तांब्या भरलेला असतो. संध्याकाळी मी तो संपवलेला असतो असं वाटतं, पण असतो भरलेला. उठलो तर चप्पल पायात येत नाही, स्टूल वाटेत येत नाही. दिवसा मात्र चार ठिकाणी ठेचकाळतो. रात्री देव जास्त लक्ष देतो, असा माझा समज आहे.

मालन आतल्या खोलीत गाढ झोपलेली असते. दिवसभर औषधांच्या खोक्यांवर लेबलं लावून दमते बिचारी. पूर्वी घोरायची, इतकी की मी थट्टा करायचो. आता हूं की चूं नाही. वेखंड लावायला सांगितलं होतं, त्याचा गुण आला असावा.

११ ऑगस्ट

इरावतीबाईंनी आज विचारलं, रात्री कधी बाहेर गेलात का? एकदा गेलो होतो. डोळे गेल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात. सकाळ झाली समजून पिशवी घेतली आणि दुधाला निघालो. दूध केंद्र बंद. उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो. शेवटी एका रिक्षावाल्याने विचारलं, "काका, साडेतीन वाजलेत, कोणाची वाट बघताय?" त्यानेच दारापर्यंत आणून सोडलं. मालनने दार उघडलं आणि हातातली पिशवी काढून घेतली. मी म्हटलं, "अगं, एकदा होतं असं." दुसऱ्या दिवशी तिने दाराला वरच्या बाजूला आणखी एक कडी बसवून घेतली. पुन्हा तसं झालं नाही.

डॉक्टरांनी हे सगळं लिहून घेतलं. का, कोण जाणे. जुनी गोष्ट आहे.

३० ऑगस्ट

गावाहून लिहितो आहे. गणपतीत सगळ्यांबरोबर उठलो, सगळ्यांबरोबर आरतीला उभा राहिलो आणि रात्री सगळ्यांबरोबर झोपलो!

पहिल्या दिवशी थोरल्या दादांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं: "बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराची झोप हरवली हा, ती तेका परत दी रे महाराजा!" आणि सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. माझ्या अंगावर काटा आला. त्या रात्री दहाच्या आत झोप लागली. आज चौथी रात्र.

काल गोळी हातात घेतली आणि वाटलं, देवाने दिलं आहे, त्यावर पुन्हा गोळी कशाला? देवावर विश्वास नाही असं होईल. गोळ्या पिशवीच्या तळाला ठेवल्या. मालनला सांगितलं नाही.

१७ सप्टेंबर

घसरलो. पुन्हा पहाटेवर आलो आहे.

इरावतीबाईंना सांगावं लागलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाल्या, "काका, तेव्हा तुमची रात्र फिरून खऱ्या रात्रीपाशी आली होती. ती कधीतरी येणारच होती. तेव्हाच तर गोळीने धरायचं होतं."

"म्हणजे गाऱ्हाण्याचा उपयोग नाही?"

"गाऱ्हाणं घाला ना. मी नको कुठे म्हणते? पण देवापुढचा दिवा तुम्ही एकदा लावून सोडत नाही. रोज लावता."

 एक फेरी फुकट गेली. घरी आलो तर श्रुतिका म्हणाली, "बाबा, तू ना, कमाल आहेस यार!" आणि रडायलाच लागली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो, तो खांद्यावर पडला. फेब्रुवारीनंतर तोही अंदाज लागणार नाही.

२ ऑक्टोबर

माझा दिवस आता संध्याकाळी सुरू होतो. त्या दोघी कामावरून येतात तेव्हा मी उठत असतो. त्यांचं जेवण ती माझी न्याहारी. घरात राहून मी त्यांना परगावच्या माणसासारखा भेटतो.

मालनची आज गंमत झाली. बसमध्ये झोपली आणि थेट शेवटच्या थांब्यावर गेली. कंडक्टरने उठवलं. परवा फोडणी जळली, त्याआधी मीठ दोनदा पडलं. मी म्हटलं, "घरात झोपेचा आजारी एक पुरे आहे हो." मला वाटलं हसेल. तिने नुसतं "हो ना" म्हटलं आणि भांडी घासायला गेली.

लग्नाची काळजी असेल. बायकांना असते.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आठवडाभर रात्री दहाच्या सुमारास झोप आणि सकाळी पाच-साडेपाचला जाग. गोळी एकदाही चुकवली नाही. नऊ वाजले की श्रुतिका ओरडते, "बाबा, नैवेद्य!" आणि मी हात पुढे करतो. अजून आनंद करत नाही. गेल्या वेळी घाई केली होती.

९ नोव्हेंबर

सरकत नाही! इरावतीबाईंनी तपासून सांगितलं, "धरलं तिने." पण गोळी आयुष्यभर, हेही सांगितलं. हरकत नाही.

सकाळी दूधवाल्याची बेल ऐकली, ती माझ्यासाठीच वाजली असं वाटलं. पाखरं ऐकली. पाण्याचा पंप चालू झाला. ज्या वेळी जग उठतं त्या वेळी उठणं, यात काय मोठं आहे, हे डोळसांना कसं सांगणार?

एक गोष्ट मात्र लक्षात आली. काल मध्येच जाग आली. पाणी प्यायला हात लांब केला तर लगेच मालनचा आवाज, "काय हवंय?" म्हटलं, "तू जागी कशी?" म्हणाली, "आत्ताच कूस बदलली." सवयीने झोप सावध झाली असेल.

२६ नोव्हेंबर

बाळराव घरी आले. पिशवीभर कोकम आणि पहाऱ्याचं आमंत्रण. ते विसरतील असं मला वाटलं होतं.

"काय ओ व्याही, लक्षात आहे ना? शुक्रवारी रात्री दोन ते चार. पाटीवर तुमचं नाव खडूने लिहिलंय. सगळ्या चाळीला सांगून ठेवलंय, आमचे व्याही म्हणजे जागरणातले वाघ."

मालनने चहा ओतताना कप वाजवला. श्रुतिका म्हणाली, "काका, बाबांना ना…" आणि मालनने तिला आत बोलावलं. आत कुजबुज झाली. "सांगून टाक ना आई! एकदाच काय ते!" "आणि हॉलभर लोकांसमोर मी खोटी ठरू? लग्न तोंडावर आलंय."

मी म्हटलं, "येतो, बाळराव."

त्यात काय अवघड आहे? तीन वर्षं मी दोन ते चार जागाच होतो. ज्या गोष्टीने मला माणसांतून उठवलं तीच आज उपयोगी पडेल, असं मनात आलं. इरावतीबाईंना फोन केला. म्हणाल्या, "एका रात्रीने सगळं बिघडणार नाही, पण गोळी चुकवू नका. आणि काका, खरं सांगायला काय हरकत आहे?"

त्यांना काय सांगणार?

२९ नोव्हेंबर, शनिवारच्या पहाटे वाकोल्याहून

पाटी मांडीवर धरून लिहितो आहे. ठिपके नीट उमटले आहेत की नाही, देव जाणे.

नऊला गोळी घेतली. मालनने रत्नप्रभाबाईंच्या स्वयंपाकघरात गुपचूप हातावर ठेवली. दोन वाजता मला देवळात उभं केलं. वीणा गळ्यात घातली, तिचं लाकूड छातीला लागलं आणि मला गावचं देऊळ आठवलं. माझ्या मागे दोघे टाळकरी. नियम एवढाच की नाम थांबायचं नाही आणि वीणा खाली टेकायची नाही. सात दिवस, सात रात्री ती हातातून हातात जाते, जमिनीला लागत नाही.

सुरुवातीला आवाज चांगला लागला. मागून कोणी म्हणालं, "गळा आहे हां." मग टाळ लांब गेल्यासारखे वाटले. उदबत्तीचा वास जड झाला. मी पाय बदलला, ओठ चावला, हाताला चिमटा काढला. तीन वर्षं ज्या वेळेला झोपेला हाका मारल्या त्याच वेळेला ती न बोलावता येऊन माझ्या मानेवर बसली. रात्र झाली, असं गोळीने शरीराला सांगितलं होतं. आणि या वेळी शरीराने ऐकलं.

मी उभ्या उभ्या झोपलो.

वीणा टेकली नाही. दोन हात पुढे आले, बाळरावांचे. ते मागेच बसले होते, मला ठाऊक नव्हतं. त्यांनी वीणा धरली, नाम उचललं आणि माझा पहारा त्यांनी पुरा केला. मला मालनने धरून भिंतीशी बसवलं. चार वाजता ते बाहेर आले.

"दमलात?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी सगळं सांगितलं. साखरपुड्याला सप्ताह नव्हता. पहारा नव्हता. डोळ्यांबरोबर दिवस-रात्र कशी गेली, गोळी काय करते, सगळं. मालन म्हणाली, "खोटं मी बोलले. यांच्यावर ठपका ठेवू नका."

बाळरावांनी सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाले, "पेढ्यांचं ताट सांडलं त्याचं काही नाही ओ. पण मी चाळभर तुमचा डंका वाजवला ना."

एवढंच. ते घरात गेले. रत्नप्रभाबाईंनी आम्हाला पुढच्या खोलीत अंथरूण घालून दिलं. मी पडलो नाही. मालनही पडली नाही. लग्नाचं काय होणार हे तिला विचारायचं धाडस झालं नाही.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळ, घरी

सकाळी रत्नप्रभाबाईंनी चहा दिला आणि सरळ विचारलं. त्यांचं बोलणंच तसं आहे.

"म्हणजे साखरपुड्याची सकाळ तुमची रात्र होती?"

"हो."

"आणि काल रात्री झोपलात ते रात्र होती म्हणून?"

"हो."

"मग हे बरं झालं की वाईट?"

 आतून बाळराव हसायला लागले. आधी दाबून, मग मोठ्याने. "अगो, बरा झाला म्हणून नापास झालो बापडो!" मग बाहेर येऊन माझ्यासमोर बसले. "ऐका व्याही. रात्रीला माणूस कसाही मिळतो, कामावरून येऊन उभा राहतो. खरी पंचाईत दुपारची. बारा ते दोन सगळी चाळ कामावर. काल दोन म्हाताऱ्यांनी कसंबसं ओढलं. आज दुपारचा पहारा तुम्ही घ्या."

रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "मुहूर्तही त्याच वेळेचा आहे. आम्हालाही बघू द्या."

त्या थट्टेने म्हणाल्या की खरंच, कळलं नाही. मी उठून आंघोळ केली.

बाराला वीणा घेतली. दुपारचं देऊळ वेगळं असतं. टाळकरी एकच, तोही ऐकायला कमी येणारा. बाहेर मुलं शाळेतून येत होती, कोणीतरी मासे तळत होतं, रिक्षा रिव्हर्स घेत होती. सगळे आवाज आपापल्या जागेवर होते, आणि मीही. रात्रभर जागा असून डोकं स्वच्छ होतं. पाय दुखत होते, पण झोप जवळपास नव्हती. वीणेची तार बोटाखाली गरम झाली होती.

मध्येच मागून एक आवाज येऊ लागला. आधी वाटलं पंखा. मग वाटलं कोणी म्हातारं आलं असेल. मग ओळखला. मालन घोरत होती. भिंतीला टेकून, देवळात, भर दुपारी! पूर्वी घोरायची तशीच, शेवटी शीळ घालून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काल मी, आज ही. रत्नप्रभाबाईंच्या पावलांचा आवाज तिच्याजवळ गेला. आता उठवतील, असं वाटलं. पण उशी ठेवल्यासारखा कपड्याचा आवाज झाला, आणि त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "किती दिवसांची झोप असेल हो ही?"

मी नाम म्हणत होतो, म्हणून उत्तर दिलं नाही. एका रात्रीची, दुसरं काय. माझ्याबरोबर जागली ना.

शीळ चालूच होती. नाम थांबवायचं नसतं. मी फक्त आवाज हळू केला.